भांडण मिटवणे आणि भांडण सोडवणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या भाषणाचे लेखरूप)

अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने या शिबिरात तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई, बेरोजगारी, शेतमालाचे भाव असे विषय समोर उभे असताना हा विषय फुरसतीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेली अनेक वर्षे आपण आपापसांत एकच तक्रार करीत आलो आहोत. माणसे मजुरीच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर एकत्र येतात, आणि जातीचा वा धर्माचा प्रश्न निघाला की पांगतात. एका मोर्च्यात बरोबरीने चाललेली माणसे महिन्याभरात दोन वस्त्यांत विभागली जातात आणि एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आपला कोण आणि परका कोण, ही वाटणी माणूस सभेला येऊ लागतो त्या वयात होत नसते. ती फार आधी, पुष्कळदा अक्षरओळखीच्याही आधी, होऊन गेलेली असते. आपण मात्र माणसाला अठराव्या वर्षी प्रथम भेटतो, आणि मग त्याचे मन वळत नाही म्हणून खंत करतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच थोडक्यात मांडतो. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे आणि भांडण हातघाईवर न आणता सोडवणे या गोष्टी लहान मुलांना शिकवता येतात, आणि चित्रांचे पुस्तक हे त्याचे एक चांगले साधन आहे. पण ते साधन दुधारी आहे, आणि ते एकटे काहीच करीत नाही. त्या पुस्तकात काय आहे, ते कोणाच्या हाती पडते, आणि ते मुलासमोर उघडून बसायला कोणाला किती वेळ मिळतो, यावर सारे अवलंबून आहे. म्हणजेच हा प्रश्न नुसत्या संस्कारांचा नाही, वाटपाचा आहे. आणि वाटपाचा प्रश्न आला की तो आपला प्रश्न होतो.

न्यूरेम्बर्गची दोन पुस्तके

मुलांच्या चित्रपुस्तकाचा इतिहास युद्धाच्या सावलीत सुरू होतो. सतराव्या शतकात, १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे, मध्य युरोप धर्माच्या नावाने चाललेल्या युद्धात होरपळून निघाला. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतातला कोमेनियस हा शिक्षक आणि धर्मोपदेशक त्या युद्धात परागंदा झाला. युद्धाबरोबर आलेल्या साथीत त्याची पत्नी आणि दोन मुले गेली. पुढे त्याने पोलंडमधील लेश्नो या गावी आश्रय घेतला, तर १६५६ साली तेही जळाले आणि त्याच्या वर्षानुवर्षांच्या लिखाणाची राख झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ साली, न्यूरेम्बर्ग येथे त्याचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचे चित्रदर्शन, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलांसाठी मुद्दाम रचलेल्या सचित्र पुस्तकांत ते आद्य मानले जाते. चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि मजकुरातील शब्दाला तोच क्रमांक, अशी त्याची सोपी रचना होती. ज्ञान मुलगा-मुलगी, गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना मिळाले तरच मनुष्यजात एकमेकांचे गळे कापणे थांबवील, अशी कोमेनियसची श्रद्धा होती. आपले सर्वस्व युद्धात गमावलेल्या माणसाने सूडाचे पुस्तक लिहिले नाही, मुलांसाठी चित्रांचे पुस्तक रचले.

त्याच न्यूरेम्बर्गमध्ये १९३८ साली मुलांसाठी दुसरे एक सचित्र पुस्तक निघाले. ‘डेअर गिफ्टपिल्झ’ म्हणजे विषारी अळंबी. प्रकाशक ज्युलियस श्ट्रायखर, नाझींच्या ‘डेअर श्ट्यूर्मर’ या द्वेषपत्राचा चालक. त्यात एक आई आपल्या मुलाला घेऊन रानात अळंबी वेचायला जाते. चांगली कोणती, विषारी कोणती, हे ती प्रेमाने समजावते. आणि त्याच प्रेमळ स्वरात सांगते की माणसांतही अशा विषारी जाती असतात, त्या वरून ओळखू येत नाहीत, आणि ज्यू म्हणजे ती जात. छपाई रंगीत, भाषा सोपी, चित्रे लक्षात राहणारी. पुढे न्यूरेम्बर्गच्याच खटल्यात श्ट्रायखर दोषी ठरला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्यावरचा मुख्य आरोप द्वेष पेरून संहाराला चिथावणी दिल्याचा होता.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवण्याचे कारण असे की चित्रपुस्तक आपोआप माणुसकी शिकवते, या भाबड्या समजुतीतून आपण बाहेर पडले पाहिजे. आईची मांडी, रंगीत पान आणि विश्वासाचा स्वर ही सामग्री दोन्हीकडे तीच आहे. मुलाला शेजारी दाखवायचा की शत्रू, हे पुस्तक करणारा ठरवतो. आणि आपण स्वस्थ बसलो म्हणजे ती जागा रिकामी राहते असे नव्हे. ती दुसरे कोणी तरी भरून काढते.

म्युनिकमधील प्रदर्शन

विषारी अळंबीच्या पुस्तकावर वाढलेल्या पिढीचे १९४५ नंतर काय करायचे? या प्रश्नाला एका बाईंनी दिलेले उत्तर आपण समजून घेण्यासारखे आहे. जेला लेपमन या १८९१ साली श्टुटगार्टला जन्मलेल्या ज्यू पत्रकार. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी आपल्या शहरातील तंबाखूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी वाचनालय उघडले होते. नाझी राजवटीत त्यांना दोन मुलांसह देश सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. १९४५ मध्ये त्या अमेरिकी सैन्याच्या स्त्रिया आणि मुलांविषयीच्या सल्लागार म्हणून उद्ध्वस्त जर्मनीत परतल्या. मुलांना अन्न आणि निवारा हवा हे तर उघडच होते. पण बारा वर्षे ज्यांना एकच चित्र दाखवले गेले, त्यांना बाहेरच्या जगाची इतर चित्रे दाखवणेही तितकेच निकडीचे आहे, असा त्यांनी आग्रह धरला.

हाती पैसा नव्हता. त्यांनी देशोदेशींच्या प्रकाशकांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके भेटीदाखल मागितली. ज्या राष्ट्रांवर जर्मनीने कालपरवापर्यंत बाँब टाकले होते, त्यांच्याकडेच ही मागणी होती. बेल्जियमने प्रथम नकार दिला, कारण जर्मन सैन्याने त्यांचा देश दोनदा तुडवला होता. लेपमनबाईंनी पुन्हा लिहिले, आणि तिसऱ्यांदा तसे होऊ नये यासाठीच तर हा खटाटोप आहे, असे समजावले. बेल्जियमची पुस्तके आली. जुलै १९४६ मध्ये म्युनिकच्या ज्या कलाभवनाचे उद्घाटन १९३७ साली खुद्द हिटलरने केले होते, त्याच वास्तूत हे आंतरराष्ट्रीय बालपुस्तक-प्रदर्शन भरले. त्यातूनच १९४९ साली म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बाल-युवा ग्रंथालय उभे राहिले, आणि १९५३ साली झुरिक येथे मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले.

त्या प्रदर्शनाबरोबर आणखी एक गोष्ट झाली. मन्रो लीफ यांचे ‘फर्डिनंड’ हे अमेरिकेत १९३६ साली निघालेले पुस्तक लेपमनबाईंनी स्वतः जर्मनमध्ये आणले आणि १९४६ च्या नाताळात त्याच्या ३०,००० प्रती बर्लिनच्या मुलांना वाटल्या. फर्डिनंड हा स्पेनमधला एक धिप्पाड बैल. इतर बैल टकरा खेळतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. एका मधमाशीच्या डंखाने तो उसळतो, आणि त्यालाच शूर समजून माणसे झुंजीसाठी माद्रिदला नेतात. तिथे तो लढतच नाही. शेवटी त्याला परत पाठवावे लागते. स्पेनमध्ये यादवी पेटली त्याच वर्षीचे हे पुस्तक, आणि हुकूमशाहांना ते मुळीच रुचले नाही, यात आश्चर्य नाही. ज्याला लढवायचे आहे तोच लढायला तयार नसेल तर आखाड्याच्या मालकाने करायचे काय?

समजूतदारपणाचा सापळा

इथे आपल्यातला एखादा जुना कार्यकर्ता विचारील : “हे सारे ठीक आहे. पण शांततेने मिटवून घ्या, हे तर आम्ही मालकाकडून आणि पाटलाकडून आयुष्यभर ऐकत आलो. तेच आता पोरांनाही शिकवायचे काय?” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आपल्या भाषेत भांडण मिटवणे आणि भांडण सोडवणे असे दोन निरनिराळे प्रयोग आहेत. मिटवणे म्हणजे झाकणे, डोळे मिटावेत तसे. सोडवणे म्हणजे गाठ सोडवावी किंवा गणित सोडवावे तसे. गाठ कुठे बसली आहे हे पाहिल्याशिवाय ती सुटत नाही. गावात दलित कुटुंबावर अत्याचार झाला की चार प्रतिष्ठित मंडळी येतात आणि प्रकरण मिटवून घ्या म्हणून सांगतात. महाराष्ट्रात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्या हेतूविषयी कोणाचे दुमत नव्हते. पण तंट्याचा आकडा खाली आणण्यासाठी दुबळ्याची तक्रार दाबली जाऊ नये, ही धास्ती अनेकांनी बाळगली ती उगाच नव्हे.

हीच गोष्ट घरात घडते. दोन भावंडे एका खेळण्यासाठी भांडतात. मोठी बहीण असते, धाकटा भाऊ असतो. आपण काय म्हणतो? “तू शहाणी ना? समजूतदार ना? मग देऊन टाक त्याला.” समजूतदार हा आपल्या घरांतला गौरवाचा शब्द आहे, पण तो बहुतेक वेळा ज्याने माघार घ्यावी असे आपण आधीच ठरवलेले असते त्यालाच मिळतो. त्या मुलीला आपण सहानुभूती शिकवली नाही. आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही, एवढेच शिकवले. आणि धाकट्याला शिकवले की आरडाओरडा केला म्हणजे मिळते. शांतता झाली, न्याय झाला नाही. अशा शांततेवर आपला विश्वास नाही, आणि मुलांच्या पुस्तकांतही आपल्याला ती नको आहे.

म्हणून फर्डिनंडबरोबर मुलाला आणखी एक पुस्तक दाखवले पाहिजे. लिओ लिओनी यांचे ‘स्विमी’, १९६३ सालचे. लिओनी यांनी इटलीत जेनोवा विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३९ साली त्यांनी देश सोडला आणि पुढे वयाच्या पन्नाशीत ते मुलांच्या पुस्तकांकडे वळले. त्या पुस्तकात एका मोठ्या माशाने लहान माशांचा थवा गिळलेला असतो, एकटा काळा मासा तेवढा वाचतो. त्याला दुसरा थवा भेटतो, पण तो भीतीने दगडाआड लपून राहिलेला. काळा मासा त्यांना एकत्र पोहायला शिकवतो, इतक्या शिस्तीने की सर्व मिळून एकच मोठा मासा दिसावा. त्यांच्याहून रंगाने वेगळा असलेला हा मासा त्या आकृतीचा डोळा होतो. मोठे मासे पळून जातात, कोणाचे रक्त सांडत नाही. अन्याय्य झुंजीला नकार देणे हा अहिंसेचा एक भाग, तो फर्डिनंडने दाखवला. दुबळ्यांनी संघटित होऊन बळाचा तोल बदलणे हा दुसरा भाग, तो या माशाने दाखवला. दोन्ही मिळून अहिंसा पुरी होते. सत्याग्रहाची परंपरा सांगणाऱ्यांना हे निराळे पटवून द्यायला नको.

चित्रासमोर काय घडते

आता साधन म्हणून चित्रपुस्तकाचे सामर्थ्य कशात आहे ते पाहू. चित्र थांबते. पडद्यावरचे दृश्य मुलाच्या आधी पुढे निघून जाते. पान मात्र मूल उलटीपर्यंत तिथेच असते. रडवेला चेहरा पाहायला, तो तसा का झाला याचा तर्क करायला आणि मागचे पान पुन्हा काढून पाहायला मुलाला अवधी मिळतो. दुसरे असे की चांगल्या चित्रपुस्तकात शब्द सगळे सांगत नाहीत. शब्द म्हणतात सगळे खेळत होते, आणि चित्रात कोपऱ्यात एक मूल पाठ फिरवून उभे असते. ते मूल वाचणाऱ्या मोठ्या माणसाला पुष्कळदा दिसत नाही. ऐकणाऱ्या लहानाला दिसते.

एका आदिवासी पाड्यावरच्या अंगणवाडीत मी असेच एक चित्र मुलांसमोर उघडलेले पाहिले आहे. झोक्याभोवती मुले, आणि एक जण बाजूला. सेविकेने मुलांच्याच बोलीत विचारले, काय झाले असेल? एक मूल म्हणाले, तो रुसला. दुसरे म्हणाले, त्याला घेतले नाही. तिसरे म्हणाले, त्याला चप्पल नाही म्हणून घेतले नाही. चित्रात कोणाच्याच पायांत चप्पल नव्हती. ते उत्तर मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून आले होते. सेविकेने कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगितले नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला : मग आता काय करायचे? त्यावर मुले बराच वेळ बोलत राहिली. तात्पर्य सांगून गोष्ट संपवली असती तर यातले काहीच झाले नसते.

या पद्धतीला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले की नुसते वाचून दाखवण्याऐवजी पालकांनी खुले प्रश्न विचारत, मुलाचे उत्तर पुढे नेत पुस्तक वाचले तर मुलांची भाषा अधिक झपाट्याने वाढते. आणि आपले दुखणे सांगायला ज्याच्याजवळ शब्द आहेत, त्याला हात उगारण्याची गरज कमी पडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, खोटे बोलणाऱ्याला भयंकर शिक्षा होते अशा गोष्टी ऐकून मुले अधिक खरे बोलू लागली नाहीत. खरे बोलणाऱ्याचे कौतुक होते अशी गोष्ट ऐकून मात्र बोलली. म्हणजे भीतीचा उपदेश फळत नाही. टोरांटोमधील संशोधकांनी २०१७-१८ च्या सुमारास असे मांडले की वाटून घेण्याची गोष्ट प्राण्यांची असण्यापेक्षा माणसांच्या मुलांची असली तर ऐकणारी मुले स्वतःजवळचे अधिक वाटून देतात. एकेका अभ्यासावरून सिद्धान्त उभारू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि आपल्यालाही सांगतो. पण ससा-कासवावर भागवून न घेता मुलांना माणसांच्या, आपल्यासारख्या मुलांच्या गोष्टीही मिळाव्यात, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि मुले पाटी कोरी घेऊन येतात असेही समजू नका. कट्टी आणि दोस्ती या त्यांच्या स्वतःच्या संस्था आहेत. आपल्या अंगणातल्या खेळात ‘कच्चा लिंबू’ असतो. सर्वांत लहान मुलाला खेळात घ्यायचे, पण तो बाद धरायचा नाही, हा कायदा कोणत्याही सरकारने केलेला नाही, तो मुलांनी केला. शिकागोच्या बालवाडीतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात ‘तू आमच्यात खेळायचे नाही, असे कोणी कोणाला म्हणायचे नाही’ असा नियम आणला. त्यापूर्वी त्यांनी लहानमोठ्या वर्गांतल्या मुलांशी त्यावर दीर्घ चर्चा केली, एक गोष्ट रचून ती दिवसेंदिवस सांगितली, आणि हा सारा अनुभव १९९२ साली पुस्तकरूपाने मांडला. नियम, त्यावरची चर्चा आणि गोष्ट ही तिन्ही एकत्र आली तेव्हा बहिष्काराला आळा बसला. बहिष्कार हा शब्द या महाराष्ट्रात कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे आपणांस सांगणे नलगे.

चित्रात कोणाचे घर आहे?

नॅन्सी लॅरिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली एक साधा हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली मुलांची ५,२०६ पुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी एक तरी काळी व्यक्ती असलेली पुस्तके ३४९ निघाली, म्हणजे ६.७ टक्के. काळ्या मुलाला स्वतःचे तोंड पुस्तकात दिसत नव्हते, हे तर झालेच. पण जगात आपणच आहोत असे गोऱ्या मुलाला वाटत होते, हे नुकसान तितकेच मोठे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९० साली रूडीन सिम्स बिशप यांनी हाच विचार आरसा आणि खिडकी या शब्दांत मांडला. पुस्तक मुलासाठी आरसाही असावे आणि खिडकीही.

असा हिशेब आपण आपल्या शाळांत केला आहे काय? गावच्या शाळेतल्या पेटीतून कोणतीही वीस पुस्तके काढा. मुलांची नावे लिहून घ्या. घरे पत्र्याची किती, बंगले किती, ते मोजा. स्वयंपाक कोण करते, वर्तमानपत्र कोण वाचते, ते मोजा. सलीम, मेरी किंवा ऊसतोडीच्या कोप्यावरची एखादी मुलगी किती ठिकाणी आहे, आणि असली तर ती मदत करणारी आहे की जिची कीव करायची अशी आहे, तेही पाहा. ज्या मुलाने मुसलमान मुलाला पुस्तकात पतंग उडवताना, आजीला त्रास देताना, पडून गुडघा फोडून घेताना पाहिले आहे, त्याला पुढे कोणी विषारी अळंबीची गोष्ट सांगू लागला तर त्याच्या मनात निदान एक शंका उभी राहील. मी याहून मोठा दावा करीत नाही. पण ती शंका मोलाची आहे.

मराठीत या बाबतीत सर्व अंधार आहे असे नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी घरातल्या साध्या प्रसंगांतून मुलांच्या मनाचा माग काढण्याची वाट घालून दिली. ‘राधाचं घर’ मध्ये उपदेश नाही, माणसे आहेत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संग्रहातून मराठीसह अनेक भाषांतली सचित्र पुस्तके कोणालाही विनामूल्य घेता येतात. तरी पाड्यावरचे, वस्तीवरचे आणि मोहल्ल्यातले मूल अजून या पुस्तकांत पाहुण्यासारखेच येते.

ही पुस्तके निरुपद्रवी आहेत असे विरोधकांनाही वाटत नाही. लिओनी यांचे ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ हे १९५९ सालचे पुस्तक. निळा ठिपका आणि पिवळा ठिपका मित्र होतात, एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात, इतकीच गोष्ट. २०१५ साली व्हेनिसच्या महापौरांनी बालवाड्यांतून काढून टाकायला लावलेल्या ४९ पुस्तकांच्या यादीत हे पुस्तकही होते. गदारोळ झाला, तेव्हा बहुतेक पुस्तके परत ठेवण्याचे त्यांना कबूल करावे लागले. दोन ठिपक्यांची मैत्री सत्तेला खुपते, यावरून या साधनाची ताकद ओळखावी.

मानधन आणि वेळ

आता मी माझ्या मूळ विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतो. रंगीत चित्रपुस्तकाचा मोठा खर्च पहिली प्रत निघण्यापूर्वीच होतो. चित्रकाराचा मोबदला आणि छपाईची तयारी यांचा खर्च हजार प्रती काढल्या काय किंवा लाख काढल्या काय, तेवढाच. त्यामुळे आवृत्ती लहान तर किंमत चढी, किंमत चढी तर गिऱ्हाईक थोडे, आणि गिऱ्हाईक थोडे म्हणून पुन्हा आवृत्ती लहान. गरिबाच्या मुलाला पुस्तकाची गरज असते, पण बाजाराला गरज दिसत नाही, खिसा दिसतो. हे चक्र सार्वजनिक पैशानेच तुटते. शंकर यांचे चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि सरकारी नॅशनल बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ सालच्या. चित्रे एकदाच करून मजकूर तेवढा अनेक भाषांत बदलायचा, या युक्तीने नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त राहिली. सोव्हिएत राज्यव्यवस्थेविषयीचे आपले मतभेद जगजाहीर आहेत. पण तिथून येणारी मराठीतली सुंदर, स्वस्त बालपुस्तके १९९१ नंतर बंद झाली, तेव्हा अनेक गरीब घरांतले एकुलते एक रंगीत पुस्तक बंद झाले, हेही मान्य केले पाहिजे.

पण पुस्तकाहून दुर्मीळ वस्तू आहे ती वेळ. पुस्तक उघडून मुलाला प्रश्न विचारायला मोठे माणूस लागते. दिवसभर राबून आलेल्या आईजवळ तो वेळ नसतो. म्हणून ते माणूस समाजाने पुरवले पाहिजे. ही जाण महाराष्ट्राला फार पूर्वी झाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या त्या योजनेखाली आहेत.

या अंगणवाडीतल्या बाईकडून आपण काय काय मागतो? मुलांची वजने, आहारवाटप, लसीकरणाला मदत, गरोदर स्त्रियांच्या भेटी, सर्वेक्षणे, नोंदवह्या, आणि २०२१ पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. आणि तिला आपण पगार देत नाही, मानधन देतो. केंद्राने २०१८ साली आपला वाटा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला, राज्य त्यात आपली भर घालते. ती ग्रॅच्युइटीला पात्र आहे, हे ठरायला एप्रिल २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा अनेकांना तो केवळ पैशाचा संप वाटला. मला तो मुलांच्या वेळेचाही संप वाटला. जिच्या स्वतःच्या म्हणण्याला कोणी कान देत नाही, तिने तीस मुलांचे म्हणणे धीराने ऐकून घ्यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. ती हे करते, हे तिचे मोठेपण. पण समाजाने कोणाच्या मोठेपणावर फुकट जगू नये.

मित्रहो, म्हणून मी आपल्यासमोर तीन कामे ठेवतो. पहिले, मघाशी सांगितलेली पुस्तकांची मोजदाद आपापल्या गावात आणि प्रभागात करा आणि ती शिक्षकांसमोर, पालकांसमोर मांडा. कोणावर दोषारोप करण्यासाठी नव्हे, उणीव दिसावी म्हणून. दुसरे, प्रत्येक शाखेने पन्नास निवडक चित्रपुस्तकांची एक पेटी करावी, आणि ती आळीपाळीने वस्त्यांवर फिरवावी. एका वस्तीतली मुले दुसऱ्या वस्तीत पुस्तके ऐकायला येतील असे पाहावे. पुस्तक वाचताना तात्पर्य सांगू नये. काय झाले असेल, त्याला काय वाटले असेल, आता काय करता येईल, हे तीन प्रश्न पुरेत. तिसरे, सेविकांच्या वेतनाच्या मागणीबरोबर दर अंगणवाडीला पुस्तकांसाठी स्वतंत्र तरतूद आणि दिवसातला एक तास नोंदवह्यांपासून मोकळा, या मागण्या आपल्या ठरावांत याव्यात. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातही त्यांना जागा मिळवता येईल.

या कामाचे फळ येत्या निवडणुकीत दिसणार नाही. या मुलांना मताचा अधिकार मिळेल तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण नसतील. पण परवा शाळेच्या पटांगणात एखाद्या मुलाला त्याच्या आडनावावरून कोणी खेळातून काढले, आणि “तो का नाही?” असे विचारणारे दुसरे एखादे मूल तिथे उभे राहिले, तर आपल्या चळवळीची एक सभा तिथे झाली असे मी समजेन.